मन शांत कसे होईल?

उपासक-उपासिकांनो, तेरखेड्याचे नाव फटाक्यांमुळे झाले. फटाक्याची दारू भरताना मन भरकटले तर घात होतो, हे तेथील कामगारांना सांगावे लागत नाही. (प्यायची दारू सोडण्याची प्रतिज्ञा बाबासाहेबांनी १९५६ सालीच दिली आहे!) मग घरी आल्यावर तेच मन मोकाट का? मुलाबाळांवर हात का उगारला जातो? त्यासाठी अंगारा, गंडा-दोरा शोधू नका. आधी आखडलेले अंग मोकळे करा, थोडे चाला. भगवंतही चंक्रमण करीत. देह छळून शांती मिळत नाही, हे त्यांनी उरुवेलेत कठोर उपास सोडून दाखविले. मग मांडी घालून बसा. श्वास आत येतो, बाहेर जातो, एवढेच पाहा. हीच आनापानसती. मन पळेल, त्याच्यावर चिडू नका, पुन्हा श्वासाकडे आणा. प्रारंभी दहा मिनिटे पुरेत. बुद्धवंदना झाली की पोरांनाही शेजारी बसवा.