पोटाची फाइल, डोक्याची फाइल

अंडाशयाचा कॅन्सर मेंदूत जातो, हे उपचारांच्या सगळ्या काळात मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगण्याचं फारसं कारणही नव्हतं म्हणा. शंभर जणींत एखाद-दुसरीला होतं. गर्भाशयाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये त्याहूनही क्वचित. वारेच्या पेशींतून उद्भवणारा कोरिओकार्सिनोमा तेवढा अपवाद, तो डोक्याकडे सहज वळतो. आता औषधं चांगली झाली, बायका जास्त वर्षं जगतात, आणि त्यातली बरीच औषधं मेंदूपर्यंत नीट पोचत नाहीत. त्यामुळे पोट शांत असताना डोक्यात गाठ निघण्याचे प्रकार डॉक्टरांना पूर्वीपेक्षा जास्त दिसू लागलेत. तरी आजार दुर्मीळच, आणि दुर्मीळ आजाराचा ताप असा की जिथे जाल तिथला माणूस आपल्याच खात्यातलं कारण शोधतो.

मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. केमो संपून दोन-अडीच वर्षं झाली होती, कॅन्सर दबून राहावा म्हणून ऑलापॅरिबच्या गोळ्या चालू होत्या. एका संध्याकाळी रोजकीर्द जुळेना. नावे बाजू बरोबर, जमेची चुकलेली. पावत्या पुन्हा काढल्या तर १४५० ची पावती मी ४५० लावलेली. दुसऱ्या दिवशीही तेच, डावीकडचा आकडा गायब. घरी डावा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. जेवताना मीठ, लिंबू, चटणी वाढलीच नाही म्हणून सुनेवर करवादले, आणि ती बिचारी म्हणते, “आई, ताटात डावीकडे आहे की सगळं!”

चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून मिळाला. त्यांची चूक नाही, मी “डाव्या डोळ्याला कमी दिसतं” असंच सांगितलं होतं. वाचणाऱ्यांनी एवढं एक लक्षात ठेवावं: आधी एक डोळा झाका, मग दुसरा. दोन्ही वेळा दृश्याची तीच बाजू नाहीशी होत असेल तर दोष डोळ्यात नाही, मेंदूत आहे. डाव्या बाजूचं दृश्य मेंदूच्या उजव्या मागच्या भागात उमटतं, मग डोळा कुठलाही असो. कॅन्सर होऊन गेलेल्या बाईने अशा वेळी चष्मेवाल्याकडे न जाता थेट मेंदूच्या एमआरआयची गोष्ट काढावी. नवीन डोकेदुखी, विशेषतः सकाळी उठल्याउठल्या आणि उलटीसह येणारी, चालताना तोल जाणं, एका हाताची पकड सुटणं, यांनाही हाच नियम.

कॅन्सरच्या ओपीडीत रक्तातलं सीए-१२५ पाहून “नॉर्मल आहे, छान” असं मिळालं, आणि मीही हायसं वाटून घरी आले. हा मार्कर अंडाशयाच्या आजारात उपयोगाचा खरा. मात्र आजार फक्त मेंदूत उगवला असेल तर तो बिनदिक्कत नॉर्मल राहू शकतो. पोटाचा सीटी स्वच्छ असणंही डोक्याबद्दल काही सांगत नाही. दिसण्याची तक्रार मी पुढच्या खेपेस पावतीच्या गोष्टीसकट सांगितली, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी टेबलापलीकडून हात पसरून माझी नजर तपासली आणि त्याच दिवशी कॉन्ट्रास्ट एमआरआय लिहून दिला. नुसतं “दिसत नाही” म्हणण्यापेक्षा काय चुकलं ते सांगितलेलं डॉक्टरांना लवकर कळतं.

दोन गाठी निघाल्या. उजवीकडे मागे एक, दोन सेंटिमीटरच्या जरा आतली. दुसरी लहान मेंदूत, सहा मिलिमीटरची. जवळच्या केंद्रात सांगितलं, पूर्ण डोक्याला रेडिएशन, दहा वेळा. आमच्याकडे त्याला शेक म्हणतात. तो चुकीचा उपचार नाही. गाठी पुष्कळ असतील किंवा आजार मेंदूच्या आवरणात पसरला असेल तर तोच लागतो. माझा हट्ट एवढाच होता की ठरवण्याआधी तीन गोष्टी कागदावर याव्यात: गाठी किती, केवढ्या, कुठे. त्या घेऊन आम्ही मुंबईत दुसरं मत घेतलं.

तिथे रेडिओसर्जरी सुचवली. नावात सर्जरी आहे, पण चिरफाड नाही. स्वीडनच्या लार्स लेक्सेल या न्यूरोसर्जननी १९५१ मध्ये मांडलेली ही कल्पना: अनेक दिशांनी बारीक किरण सोडायचे, एकेकटा किरण वाटेतल्या मेंदूला फारसा लागत नाही, सगळे मिळतात तिथे गाठीवर जबर मात्रा पडते. भारतात गामा नाइफ १९९७ मध्ये आलं, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीच्या एम्समध्ये. आता सायबरनाइफवर आणि चांगल्या लिनॅक यंत्रांवरही हे होतं. यंत्राच्या नावावरून भांडण्यात अर्थ नाही; तिथल्या लोकांनी अशा किती केसेस केल्या, हे विचारावं.

डॉक्टरांनी मला ‘जामा’ या नियतकालिकातला २०१६ चा अभ्यास समजावला. एक ते तीन गाठी असलेले २१३ रुग्ण. नुसत्या रेडिओसर्जरीनंतर तीन महिन्यांनी विचारशक्ती घसरली ती सुमारे ६४ टक्के जणांची, आणि सोबत पूर्ण डोक्याला रेडिएशन दिलेल्यांत ९२ टक्के जणांची. आयुर्मानात मात्र खास फरक नाही. पूर्ण डोक्याला रेडिएशन न दिलेल्यांत नव्या गाठी जास्त निघाल्या, हेही त्यांनी लपवलं नाही. आकड्यांवर पोट असलेल्या बाईला यातून निवड करणं कठीण नव्हतं. जपानी डॉक्टरांनी २०१४ मध्ये दाखवलं की पाच ते दहा गाठी असलेल्यांनाही दोन ते चार असलेल्यांइतकंच आयुष्य मिळतं, तेव्हा “दोनपेक्षा जास्त आहेत, आता नाही जमणार” हे शेवटचं उत्तर समजू नये. एक सांगायला हवं, या अभ्यासांत बहुतांश रुग्ण फुप्फुसाच्या कॅन्सरचे. आमच्यासारख्या अगदी थोड्या.

माप का महत्त्वाचं, तेही ऐका. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला एका बैठकीत २४ ग्रेपर्यंत (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) देता येतं, तीनपर्यंत १८, चारपर्यंत १५. गाठ वाढते तशी सुरक्षित मात्रा उतरते. त्यापुढे तीन-पाच बैठका, किंवा आधी शस्त्रक्रिया आणि नंतर रिकाम्या जागेला रेडिएशन. नियोजनाचा एमआरआय ताजा हवा, दोन आठवड्यांहून जुना नको, आणि त्याआधी मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन पाहून घ्यावं.

प्रत्यक्ष दिवस फार सोपा गेला. गरम पाण्यातून काढलेली जाळी चेहऱ्यावर ताणून मुखवटा बनवतात, तो दाबून बसतो, नाकाला खाज सुटते आणि खाजवता येत नाही. काही ठिकाणी भूल देऊन डोक्याला चौकट बसवतात. संध्याकाळी घरी. शेजारणींनी विचारलं म्हणून लिहिते: अंगात किरण राहत नाहीत, नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही, आणि केसही सहसा जात नाहीत.

कटकट झाली ती मेडिक्लेमची. रात्रभर दाखल नाही, टाका नाही, मग सर्जरी कसली, असा सूर. विमा नियामकाच्या २०१९ च्या सूचनांत बारा आधुनिक उपचारांची यादी आहे, त्यात स्टीरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी नावानिशी आहे. त्या सूचनांनुसार ती पॉलिसीतून वगळता येत नाही. मर्यादा मात्र घालता येते, म्हणून या उपचाराला किती रकमेपर्यंत पैसे मिळतात ते आधी पाहावं. पूर्वमंजुरीच्या अर्जावर हेच नाव लिहून घ्या, नुसतं ‘रेडिएशन’ नको.

पोटाची आणि डोक्याची अशा दोन फायलींचा घोळ खरा सुरू झाला तो नंतर. सूज उतरावी म्हणून डोक्याच्या डॉक्टरांनी डेक्सामेथासोन दिलं. साखर वाढली, झोप उडाली, तोंड आलं, मांड्यांतलं बळ गेलं; पाटावरून उठायला हात द्यावा लागे. साखर कोणी पाहायची? पोटवाले म्हणत, ते डोक्याचं औषध. डोकेवाले म्हणत, तुमच्या फिजिशियनना दाखवा. गोळी मनाने एकदम बंद करू नका, ती हळूहळूच उतरवायची असते. कोण उतरवणार त्या डॉक्टरांचं नाव पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर मागून घ्या. शक्यतो सकाळी आणि दुपारी घेता येईल का, तेही विचारा, म्हणजे झोप लागते. ऑलापॅरिब किती दिवस थांबवायचं, हे दोन्ही डॉक्टरांनी फोनवर बोलून ठरवावं, असा आग्रह मी धरला, आणि त्याचा त्यांना रागही आला नाही.

पुढे दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय. वर्ष भरत आलं तेव्हा सोयीसाठी गावातच करून घेतला. रिपोर्ट आला: गाठ वाढली, आजार उलटला. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. त्या केंद्राला रेडिओसर्जरी झाल्याचं कळवलेलंच नव्हतं, अर्जावर फक्त ‘अंडाशयाचा कॅन्सर’. मुंबईत जुन्या सीडी शेजारी लावून रक्तप्रवाह दाखवणारा पर्फ्युजन स्कॅन केला तेव्हा ती रेडिएशनने मेलेल्या पेशींची सूज निघाली. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत ती येऊ शकते आणि साध्या एमआरआयवर हुबेहूब गाठीसारखी दिसते. एमआरआय एकाच ठिकाणी करावा; ते जमणार नसेल तर उपचाराची तारीख, मात्रा आणि जुनी सीडी सोबत द्यावी.

माझं स्टेरॉइडवर भागलं. नाही भागलं तर बेव्हॅसिझुमॅब देतात, अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वापरतात तेच. आतड्याला आजार चिकटलेला असेल तर त्याने आतडं फुटण्याचा धोका असतो, आणि डोक्याच्या फाइलमध्ये आतड्याची नोंद नसते. म्हणून माझ्या पिशवीत आता एकच पान असतं, दोन्हीकडच्या नोंदींचं, वर रक्तगट आणि चालू गोळ्या. फिट आली, सारखी गुंगी राहिली, उलट्या थांबेनात, तर ते पान घेऊन थेट तातडीच्या विभागात जायचं, ओपीडीच्या तारखेची वाट पाहायची नाही; हे घरात मुलाला, सुनेला आणि रात्री रिक्षा काढणाऱ्या शेजाऱ्यालाही सांगून ठेवलं आहे.