मे महिन्यातली डार्करूम

बेटा, डार्करूमची पुस्तकं २० अंश सेल्सिअस गृहीत धरून लिहिलेली असतात. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. म्हणून आधी चांगला थर्मामीटर घे, बाकीचं सामान मग.

डेव्हलपर स्वतः बनव. कोडॅकचं जुनं डी-७२ सूत्र उत्तम: लिटरभर द्रावणाला मेटॉल ३ ग्रॅम, सोडियम सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, सोडियम कार्बोनेट (मोनोहायड्रेट) ८०, पोटॅशियम ब्रोमाइड २. क्रम मोडू नकोस. सल्फाइटच्या दाट पाण्यात मेटॉल विरघळतच नाही, म्हणून ते आधी. त्याच्याही आधी फक्त चिमूटभर सल्फाइट टाक, म्हणजे हवेनं मेटॉल काळवंडणार नाही. वापरताना एका भागाला दोन भाग पाणी.

उन्हाळ्यात हायड्रोक्विनोन बेफाम होतं आणि फोटोतलं पांढरं राखाडी पडतं. ते आवरायचं काम ब्रोमाइडचं, तेव्हा मे महिन्यात ते किंचित वाढव. ट्रे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेव; बर्फ डेव्हलपरमध्ये कधीच नको, तो पातळ होतो. याउलट जानेवारीच्या रात्री द्रावण १३ अंशांखाली गेलं, तर हायड्रोक्विनोन जवळपास कामच करत नाही आणि काळा रंग भरत नाही. तेव्हा परातीत कोमट पाणी घाल.

प्रिंट अर्ध्या मिनिटात काळी व्हायला लागली, तर घाबरून बाहेर ओढू नकोस, डागाळते. दीड-दोन मिनिटं पूर्ण होऊ दे आणि पुढच्या प्रिंटला एन्लार्जरचा उजेड कमी दे. हात बुडवू नकोस, चिमटा वापर. मेटॉलनं कातडीवर पुरळ उठतं. फिक्सरचा चिमटा डेव्हलपरला लागता कामा नये.

गरम पाण्यात कागदावरचं जिलेटिन फुगून सुटतं, म्हणून फिक्सरमध्ये तुरटी हवी. आधी हायपो (सोडियम थायोसल्फेट), मग सल्फाइट, मग ॲसिटिक ॲसिड, शेवटी तुरटी. सल्फाइटआधी ॲसिड गेलं, की गंधक सुटून द्रावण दुधाळ होतं. हायपो विरघळताना पाणी आपोआप थंड होतं, तेवढी उन्हाळ्यात मदतच.

धुण्यात मात्र कंजुषी नको. उरलेल्या हायपोमुळं काही वर्षांनी चांदीचं सल्फाइड बनून फोटो पिवळा पडतो. नळ तासभर चालू ठेवता येत नसेल, तर ट्रेचं पाणी पुन्हा पुन्हा बदल, प्रिंटा सुट्या ठेव. शेवटी प्रिंटवरून निथळलेल्या पाण्यात पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट द्रावणाचा थेंब टाक. जांभळा रंग उडाला, तर हायपो अजून शिल्लक आहे. टिकला, तरच प्रिंट वाळत घाल.