आईच्या पासबुकातलं आपलं नाव

अमेरिकेत नोकरीला आलेल्या मराठी माणसाची गावाकडे किती बँक खाती आहेत, हे त्याला विचारून कळत नाही. त्याच्या आईला विचारावं लागतं. कॉलेजात असताना उघडलेलं एक आणि पहिल्या नोकरीतलं पगाराचं एक, एवढी त्याला आठवतात. पण आईनं ‘अडीअडचणीला असू दे’ म्हणून स्वतःच्या खात्यात घातलेलं त्याचं नाव, पतसंस्थेत दोघांच्या नावानं ठेवलेली मुदत ठेव, दर वेळी आपोआप नूतनीकरण होत राहिलेली जुनी पावती, हे त्याच्या गावीही नसतं. अमेरिकी कायद्याच्या लेखी मात्र ही सगळी खाती त्याची असतात. यातून मी गेले आहे आणि माझ्या ओळखीतली कितीतरी घरं आजही याबाबत अंधारात आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, माझं माहेर सांगलीचं. सुरुवातीची काही वर्षं आमचं टॅक्स रिटर्न एक व्यावसायिक संस्था भरून द्यायची. फॉर्म १०४०ला जे शेड्यूल बी जोडतात, त्याच्या तळाशी एक प्रश्न असतो: परदेशातल्या एखाद्या खात्यात तुमचा हिस्सा आहे का, किंवा त्यावर तुमची सही चालते का? माझ्या एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या खात्याचं व्याज मी दर वर्षी त्यांना लिहून देत होते आणि ते उत्पन्नात धरलंही जात होतं. तरी त्या प्रश्नापुढे ‘नाही’ची खूण होती. मला कुणी विचारलंच नव्हतं. पुढे आम्ही ती संस्था सोडून एका सीपीएकडे, म्हणजे तिथल्या सनदी लेखापालाकडे गेलो. नव्या बाईंनी जुनं रिटर्न उघडलं, आधी व्याजाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मग त्या खुणेवर. व्याज भारतातलं दाखवलंय, मग खातं कुठलं, एवढंच त्यांनी विचारलं. एफबार हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

एफबार म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म ११४. तो आयआरएस या अमेरिकी करखात्याकडे जात नाही, अमेरिकी अर्थखात्याच्या फिनसेन या विभागाकडे जातो. १९७०च्या बँक सिक्रसी ॲक्टपासून ही तरतूद आहे. वर्षातल्या कुठल्याही एका दिवशी तुमच्या सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली, की प्रत्येक खातं कळवायचं, अगदी त्यात पाचशे रुपये असले तरी. दहा हजार डॉलर म्हणजे आजच्या दरानं नऊ लाख रुपयांच्या आसपास. मध्यमवर्गीय घरातल्या ठेवींची बेरीज याच्या वर सहज जाते. यात कर भरायचा नसतो, फक्त माहिती द्यायची असते. बरेच जण नेमके इथेच चुकतात: कर नाही, म्हणजे फॉर्मही नसणार, असं धरून चालतात.

दुसरा गैरसमज याहून पक्का आहे. ‘आम्ही भारतीय नागरिक, एच-वन-बीवर आहोत, हे अमेरिकी लोकांसाठी असेल.’ तसं नाही. तुम्ही अमेरिकेत किती दिवस राहिलात यावर तुम्ही करासाठी रहिवासी ठरता आणि एच-वन-बीवरची बहुतेक माणसं ठरतातच. एफ-वनवर शिकणाऱ्या मुलांचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस त्यात मोजत नाहीत. ग्रीन कार्ड असेल तर दिवस मोजण्याचा प्रश्नच राहत नाही.

सीपीए बाईंनी माझ्या नावाच्या सगळ्या खात्यांची यादी मागितली तेव्हा मी आईला फोन लावला. पुढचे कितीतरी दिवस व्हॉट्सॲपवर पासबुकांचे फोटो येत राहिले. बँकेची पासबुकं छापील होती, पण पतसंस्थेच्या पासबुकात निळ्या शाईनं हातानं केलेल्या नोंदी होत्या आणि शिक्का नेमका शिल्लक रकमेवर उमटलेला. आई भिंगातून आकडा वाचून सांगायची आणि मी इकडे लिहून घ्यायची. सांगायचं ते प्रत्येक खात्याची वर्षभरातली सगळ्यात मोठी शिल्लक, डिसेंबरअखेरची नव्हे. मग ती अर्थखात्याच्या ३१ डिसेंबरच्या दरानं डॉलरमध्ये मांडायची. एका वर्षी आईनं विश्रामबागेतला तिचा प्लॉट विकला होता. पैसे आठवडाभर बचत खात्यात होते, नंतर मुदत ठेवीत गेले. पैसा एकच, पण दोन्ही खात्यांवर माझं नाव असल्यामुळे तो दोन्हीकडे धरला गेला. संयुक्त खात्यात माझा अर्धा वाटा वगैरे हिशेब नसतो, पूर्ण शिल्लक कळवावी लागते. त्यातला एक रुपया मी कधी काढला नव्हता, याला इथे काही अर्थ नाही. आईला तर याचं फार वाईट वाटलं. मुलीचं नाव खात्यात घालणं हा तिच्या पिढीचा विश्वास आहे आणि त्यात काही गैर नाही. आपला कायदाही त्याला आड येत नाही: रहिवासी आईवडलांच्या बचत खात्यात परदेशी राहणाऱ्या मुलाचं नाव ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीनं घालायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे.

‘सांगलीतल्या पतसंस्थेचं अमेरिकेला काय कळणार?’ हे वाक्य मी गणेशोत्सवातल्या गप्पांत ऐकलं आहे. लोक प्रेमापोटी धीर देतात, पण त्यावर विसंबू नका. परदेशी खात्यांची माहिती मिळवण्यासाठीचा अमेरिकेचा फॅटका कायदा २०१०चा आणि त्याबाबतचा भारत-अमेरिका करार जुलै २०१५चा. तेव्हापासून आपल्या बँका खातेदाराकडून करविषयक रहिवासाचं स्वघोषणापत्र घेतात आणि ती माहिती आपल्या आयकर खात्यामार्फत अमेरिकेला जाते. शिवाय रिटर्नवरची खूण तुमच्या सहीनं गेलेली असते, ती कुणीही केलेली असो.

दंड किती होऊ शकतो, याचं एक उदाहरण न्यायालयाच्या कागदोपत्री आहे. अलेक्झांड्रू बिटनर हे रुमानियात जन्मलेले अमेरिकी नागरिक. साम्यवादी राजवट पडल्यावर ते मायदेशी परतले, तिथे व्यवसाय वाढवला आणि अमेरिकेला खाती कळवायची असतात हे त्यांना २०११च्या सुमारास समजलं. पाच वर्षांचे फॉर्म उशिरा गेले. सरकारनं प्रत्येक खात्यामागे दंड धरून २७ लाख २० हजार डॉलर मागितले. फेब्रुवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की, चूक जाणूनबुजून नसेल तर दंड दर फॉर्ममागे, दर खात्यामागे नाही. म्हणजे पन्नास हजार डॉलर. निकालानं दिलासा मिळाला खरा, पण दंड रद्द झाला नाही आणि दर फॉर्ममागच्या दंडाची मुळातली दहा हजार डॉलरची कमाल मर्यादा महागाईप्रमाणे वाढत चालली आहे. जाणूनबुजून लपवलं असं ठरलं तर दंड शिल्लक रकमेच्या निम्म्यापर्यंत किंवा त्याहूनही वर जाऊ शकतो.

आमचं निभावलं. माझ्या वाट्याचं उत्पन्न आधीच दाखवलेलं होतं, त्यावर कर भरलेला होता आणि आयआरएसची नोटीस आलेली नव्हती. अशांसाठी राहिलेले एफबार कारण देऊन भरण्याची सोय आहे आणि त्यात दंड लावत नाहीत. मी मागच्या वर्षांचे सगळे फॉर्म भरले. उत्पन्नच दाखवायचं राहिलं असेल तर मार्ग वेगळा: तीन वर्षांची रिटर्नं दुरुस्त करायची, सहा वर्षांचे एफबार भरायचे आणि अमेरिकेत राहणाऱ्यांना वर पाच टक्के दंड. यासाठी मात्र भारतीय खाती हाताळलेला जाणकार गाठा. तो तुम्हाला म्युच्युअल फंडांबद्दलही विचारेल, कारण आपल्याकडची साधी एसआयपीसुद्धा अमेरिकेत वेगळ्या आणि कटकटीच्या नियमात बसते. नोटीस येण्याआधी स्वतःहून जाणं फार महत्त्वाचं. नोटीस आली की हे रस्ते बंद होतात.

घरी बदल काय करायचा? आईच्या खात्यातून नाव काढून तिथे आपलं नामनिर्देशन (नॉमिनेशन) करून घ्या. नामनिर्देशन केलेल्या माणसाचा खातेदार हयात असेतो खात्यावर हक्क नसतो, म्हणून ते खातं तुमचं धरलं जात नाही. मुखत्यारपत्र घेऊन सही करत असाल तर ते चालत नाही, सहीचा अधिकारही मोजला जातो. आईला खरोखरच हाताशी कुणी हवं असेल तर गावात राहणारं भावंड बरं. आणि तशी सोय नसेल तर नाव राहू द्या, फक्त दर वर्षी कळवा. आईची गैरसोय करण्याइतकं हे काम अवघड नाही.

स्वतःचं जुनं बचत खातं परदेशी गेल्यावर एनआरओ करून घेणं फेमा या परकीय चलनविषयक कायद्यानं बंधनकारक आहे. तिथल्या व्याजावर बँक ३० टक्के आणि वर उपकर कापते. अमेरिकी रहिवासाचा दाखला आणि फॉर्म १०एफ दिला तर दोन देशांमधल्या करारानुसार १५ टक्के कापला जातो. एनआरई खात्याचं व्याज भारतात करमुक्त, पण अमेरिकेत नाही, हे विसरू नका. आणि बँकेचा व्याजाचा दाखला एप्रिल ते मार्चचा असतो, तुम्हाला हवा जानेवारी ते डिसेंबर. तो तसा मागून घ्या, शाखेत देतात.

नवरा-बायकोनं रिटर्न एकत्र भरलं तरी सगळी खाती दोघांची एकत्र नसतील तर एफबार ज्याचा त्यानं भरायचा. मुदत १५ एप्रिल, ती चुकली तर अर्ज न करता आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत मिळते. फॉर्म फिनसेनच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येतो आणि त्याला एक डॉलरही लागत नाही. या रविवारी घरी फोन कराल तेव्हा तब्येतीची चौकशी झाल्यावर विचारून घ्या, माझं नाव कुठेकुठे घातलंय, आणि पासबुकांचे फोटो मागवा.