घट्ट की पातळ?

मुलांनो, एका परातीत दोन वाट्या कॉर्नफ्लॉवर, म्हणजे मक्याचे पांढरे पिष्ट घ्या. (भाकरीचे पिवळे पीठ येथे उपयोगी नाही.) त्यात सुमारे एक वाटी पाणी थोडे थोडे घालून कालवा. आता त्यावर मूठ आपटा. ती आत शिरत नाही! पण बोट हळूच टेकवा. ते अलगद बुडते. मुठीत दाबलेला गोळा मूठ उघडताच बोटांमधून ओघळू लागतो.

असे का व्हावे? पिष्टाचे सूक्ष्म कण थंड पाण्यात विरघळत नाहीत, नुसते विखुरलेले असतात. हळू ढवळले, तर ते एकमेकांना वाट देतात. एकाएकी दाबले, तर त्यांना बाजूस सरण्यास अवसर मिळत नाही व ते एकमेकांत अडकतात. जत्रेच्या गर्दीत रेटारेटी झाली म्हणजे सर्वांचीच वाट अडते, तसेच हे.

पुष्कळ मुले पांढरा गोंद व टाकणखार यांपासून ‘स्लाइम’ करतात. तोही ताणायला मोठा गमतीचा. परंतु टाकणखार पोटात गेल्यास अपाय होतो आणि धाकट्या भावंडाचा हात तोंडात जाण्यास कितीसा वेळ लागतो? त्याच्यासाठी हा मक्याचा खेळच बरा. खेळून झाल्यावर मात्र हे मिश्रण मोरीत ओतू नका. पिष्ट तळाशी बसून नळी तुंबते. ते परातीतच वाळू द्यावे व खरवडून केरात टाकावे.