नांगर उचलला जात नाही तेव्हा

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेल्या फर्ग्युसन टीई-२० या ट्रॅक्टरात गिअरांना वंगण पुरविणारे तेलच नांगर उचलण्याचेही काम करते. म्हणून नांगर उचलला जाईनासा झाला, की प्रथम तेलाची पातळी पाहावी. तेल उणे असल्यास धोका गिअरांनाही असतो. ते दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे.

पातळी योग्य असूनही नांगर जागचा हलत नसेल, तर मागील शक्तिदंडाचा खटका तपासावा. पंप याच दंडावर चालतो. खटका सुटलेला असेल किंवा क्लच दाबून धरलेला असेल, तर पंप स्वस्थ राहतो. एवढ्या खटक्यापायी सबंध पेटी उघडून बसणे हा निव्वळ व्याप होय.

नांगर वर जातो, परंतु इंजिन बंद करताच हळूहळू खाली उतरतो, तेव्हा दोष निराळा असतो. पंप तर थांबलेलाच आहे. कोंडलेले तेल दट्ट्याच्या झिजलेल्या कड्यांजवळून किंवा झडपेतून निसटत असते. अशा नांगराखाली हात घालू नये. तो जमिनीवर टेकवावा आणि मगच वरचे झाकण काढावे.