एसटीचं वेळापत्रक: समजून घेऊ, मग मागणी करू
(गटाच्या बैठकीत वाचण्यासाठी पाठ)

मैत्रिणींनो,

१७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट लागतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना तर तिकीटच नाही. गावातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून शाळेचा पास मोफत मिळतो. पण शाळा अकराला भरते आणि गाडी साडेअकराला येते, तर त्या पासाचं करायचं काय? बाजार सहाला उठतो आणि शेवटची गाडी साडेपाचला निघून जाते, तर जीपला पूर्ण पैसे मोजावेच लागतात.

म्हणजे गावाला गाडी असून भागत नाही. ती आपल्या कामाच्या वेळेला असावी लागते. चुकीच्या वेळेमुळे कुणाची रोजंदारी बुडते, कुणाच्या मुलीची शाळा सुटते. म्हणून आज वेळापत्रक कसं बनतं ते शिकूया. ते कळलं की मागणी नेमकी करता येते.

एक गाडी दिवसात किती फेऱ्या करते?

समजा, आपलं गाव तालुक्यापासून २४ किलोमीटर आहे. एसटीचा एक टप्पा ६ किलोमीटरचा, म्हणजे हे चार टप्पे झाले. जायला ५० मिनिटं, गावात १० मिनिटं थांबा, यायला ५० मिनिटं आणि स्टँडवर १० मिनिटं. एक पूर्ण फेरी दोन तासांची झाली.

गाडी तालुक्याहून सकाळी सहाला निघाली, तर आपल्या गावातून ती सातला आणि नऊला सुटेल. त्यानंतर स्टँडवर चालक-वाहकाला अर्धा तास विश्रांती, आणि मग तिसऱ्या फेरीची गाडी गावातून साडेअकराला. ही विश्रांती म्हणजे मेहेरबानी नव्हे. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही आणि मध्ये किमान अर्धा तास सुट्टी द्यायची, असा नियम १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातच होता.

आपल्याला दर तासाला गाडी हवी असेल, तर एका गाडीवर भागणार नाही, दोन लागतील. हिशेब सोपा आहे: पूर्ण फेरीला लागणारा वेळ भागिले दोन गाड्यांमधला वेळ, म्हणजे लागणाऱ्या गाड्या.

दहा मिनिटांचा उशीर कसा वाढतो?

आता समजा, पावसाळ्यात रस्ता खराब झाला आणि ५० मिनिटांऐवजी ६० लागायला लागली. सातची गाडी सात-दहाला येईल. एवढं चालतं, असं आपण म्हणतो. पण नऊची गाडी साडेनऊला येईल आणि साडेअकराची बारा-वीसला. प्रत्येक खेपेचे दहा-दहा मिनिटं साठत जातात.

पुढे एक वाजता हीच गाडी दुसऱ्या मार्गावर जाणार असेल, तर एक तर त्या गावाला उशीर होतो, नाहीतर एखादी फेरी रद्द होते. आपल्याला वाटतं वाहकाने मुद्दाम केलं. खरं कारण पुष्कळदा कागदावरच्या वेळेत असतं. रस्ता बदलला, पण वेळ जुनीच राहिली. अशा वेळी वाहकाशी भांडून काही होत नाही. "या मार्गाची धावण्याची वेळ पुन्हा मोजा," ही मागणी करावी.

भारमान म्हणजे काय?

"तुमच्या फेरीला भारमान नाही," असं आगारात ऐकायला मिळतं. भारमान म्हणजे गाडीच्या क्षमतेच्या मानाने किती प्रवासी मिळाले, ते. समजा, गाडीत ४४ जागा आहेत. सकाळी गावाकडे येताना ८ माणसं होती आणि तालुक्याला जाताना पूर्ण ४४ भरली. दोन्ही मिळून ८८ जागांपैकी ५२ भरल्या, म्हणजे शेकडा ५९. आपण उभ्याने जातो, गाडी खच्चून भरलेली बघतो. हिशेबात मात्र ती अर्ध्याहून थोडीच जास्त भरलेली दिसते.

यात एक दुष्टचक्र आहे. गाडी वेळेवर येत नाही म्हणून आपण जीपने जातो. आपण जीपने गेलो की भारमान घटतं. भारमान घटलं की फेरी बंद होते. मग जीपवाला सांगेल ते भाडं!

मुक्कामी गाडीचा फायदा

मुक्कामी गाडी रात्री गावातच थांबते आणि पहाटे तिथूनच सुटते. सकाळी रिकामी गाडी गावापर्यंत आणण्याचं डिझेल वाचतं आणि कॉलेजच्या मुलींना पहिली गाडी हमखास मिळते. पण चालक-वाहकाला राहायला स्वच्छ खोली, पाणी, वीज आणि संडास पाहिजे. वाहक बाई असेल तर हे आणखीच गरजेचं. ही सोय ग्रामपंचायत करू शकते आणि ती करा म्हणून ग्रामसभेत आपण सांगू शकतो. मागणीसोबत आपण काय देणार, हेही लिहिलं की अर्जाला वजन येतं.

मागणी कशी करायची?

१. आधी नोंद ठेवा. पंधरा दिवस एका वहीत लिहा: तारीख, गाडीची ठरलेली वेळ, प्रत्यक्ष आलेली वेळ, किती जण चढले, त्यात बाया किती, विद्यार्थी किती, जागा नाही म्हणून किती जण मागे राहिले. बाजाराच्या दिवसावर खूण करा.

२. कमी खर्चाची मागणी आधी करा. "नवी गाडी द्या" याला गाडीही लागते आणि माणसंही. "पावणेअकराची गाडी वीस मिनिटं अलीकडे घ्या" याला फारसं काही लागत नाही. वेळ बदलून काम होत असेल तर तेच मागा.

३. मार्गावरच्या सगळ्या गावांशी बोला. आपल्यासाठी गाडी वीस मिनिटं आधी आली आणि पुढच्या गावातल्या अंगणवाडी ताईची गाडी चुकली, तर ते गाव विरोध करणारच. म्हणून हा विषय एका गटाचा किंवा एका ग्रामसंघाचा नाही, प्रभागसंघाचा आहे. प्रभागसंघाच्या बैठकीत सगळ्यांना चालेल अशी एकच वेळ ठरवा.

४. अर्ज आगार व्यवस्थापकांना द्या, प्रत विभाग नियंत्रकांना. सोबत वहीतल्या नोंदी, ग्रामसभेचा ठराव आणि मुख्याध्यापकांचं पत्र जोडा. आपल्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

५. वेळ साधा. शाळेच्या वेळेची मागणी शाळा उघडण्याआधी, उन्हाळ्यातच करा. आषाढी वारी आणि दिवाळीच्या दिवसांत गाड्या जादा वाहतुकीला जातात. तेव्हा नवीन काही होणं अवघड असतं.

६. उत्तर आलं नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. आपल्या मार्गावर गेल्या तीन महिन्यांत किती फेऱ्या ठरल्या होत्या, किती रद्द झाल्या आणि का, हे विचारा. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.

आणि वेळ बदलून मिळाली, तर पहिले दोन-तीन महिने त्याच गाडीने जा. जीप पाच मिनिटं आधी आली तरी थांबा. आपण मागून घेतलेली फेरी टिकवणं आपल्याच हातात आहे.

बैठकीत चर्चेसाठी

• आपल्या गावच्या कोणत्या गाडीची वेळ कुणालाच उपयोगी पडत नाही?
• तालुक्याच्या स्टँडवर पुढच्या गाडीसाठी किती वेळ बसावं लागतं?
• गेल्या महिन्यात गाडी चुकल्यामुळे गटातल्या किती जणींची मजुरी, दवाखाना किंवा बँकेचं काम बुडालं?
• पंधरा दिवसांची नोंदवही कोण ठेवणार? नाव आजच ठरवा आणि इतिवृत्तात लिहा.