दुर्बिणीतील प्रतिमा रेखीव कशी करावी

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील एखाद्या शाळेच्या गच्चीवर आकाशदर्शन असले की शनीची कडी पाहण्यासाठी विद्यार्थ्यांची रांग लागते. शिक्षक स्वतःच्या डोळ्याला स्पष्ट दिसेल अशी दुर्बीण जुळवतात आणि एकेकाला पुढे बोलावतात. एखाद्या मुलाला मात्र पुसट ठिपकाच दिसतो. संकोचाने तोही ‘दिसले’ म्हणून बाजूला होतो. दोष बहुधा दुर्बिणीचा नसतो.

भिंगाने अथवा आरशाने तयार झालेली प्रतिमा ठराविक अंतरावर पडते. डोळ्याजवळील भिंग, म्हणजे नेत्रिका, तिच्याशी अचूक जुळावी लागते. आरशाचे नाभीय अंतर व्यासाच्या आठपट असल्यास चुकीला वाव दोन्ही बाजूंस सुमारे ०.०७ मिलिमीटर, पाचपट असल्यास ०.०३ मिलिमीटरहूनही कमी. त्यातच प्रत्येकाची दृष्टी निराळी. म्हणून फोकसची कळ प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः फिरवू द्यावी. रांग थोडी रेंगाळेल, इतकेच. केवळ लघुदृष्टी वा दूरदृष्टी असणाऱ्यांना चष्मा काढून पाहता येते. दृष्टिवैषम्य असणाऱ्यांनी तो ठेवावा.

प्रारंभ ग्रहापासून न करता ठळक ताऱ्यापासून करावा. दुर्बिणीच्या तोंडावर दोन भोके पाडलेला जाड पुठ्ठा बसवावा. फोकस चुकला असेल, तर एका ताऱ्याचे दोन दिसतात. ते एकरूप झाले की फोकस साधला. ही युक्ती जर्मन खगोलशास्त्रज्ञ हार्टमान यांच्या नावाने ओळखली जाते. छायाचित्रणासाठी रशियन हौशी निरीक्षक पावेल बाहतिनोव यांनी २००५ मध्ये सुचविलेली पट्ट्यांची जाळी अधिक सोयीची आहे. तिच्यामुळे ताऱ्यातून तीन प्रकाशरेषा निघालेल्या दिसतात. मधली रेषा बरोबर मध्यावर आणावयाची असते.

प्रतिमा तरीही थरथरत असेल, तर कळ फिरवून उपयोग नाही. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब रात्री उष्णता सोडतो आणि वरची हवा हलत राहते. शक्य तेथे मैदानावरील मातीची जागा निवडावी आणि दुर्बीण तासभर आधी उघड्यावर ठेवावी. दमट रात्री भिंगावर दव साचते. ते रुमालाने पुसू नये, कोमट हवेने वाळू द्यावे.

शहरातील उजेडावर सर्व खापर फोडण्याची प्रथा आहे, ती तितकीशी रास्त नाही. उजेडाने अंधुक तेजोमेघ लोपतात हे खरे, आणि त्यांच्यासाठीच खगोल मंडळासारख्या संस्था कल्याण-कर्जत मार्गावरील वांगणीला रात्र जागवीत आल्या आहेत. चंद्र, गुरू आणि शनी मात्र डोंबिवलीतूनही रेखीव दिसू शकतात. फोकस साधल्यावर पुठ्ठा तेवढा आठवणीने काढावा.